मधमाशीपालनासाठी मंडळीचा निधी: इथिओपियातील मधपाळांना मदत करण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुगीच्या उपकारस्तुतीचा सण जवळ आला, की यंदाचे खास दानार्पण कोणत्या कामासाठी ठेवायचे, हा विषय ब्रिटनमधल्या ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, निघतो. इथिओपियाच्या अम्हारा प्रांतातील मधपाळ कुटुंबांसाठी निधी उभारायचे आमच्या मंडळीत ठरले, तेव्हापासून इथल्या मराठी कुटुंबांनी, इतर मंडळ्यांच्या खजिनदारांनी आणि महाराष्ट्रातल्या नातेवाइकांनी अनेक प्रश्न विचारले. त्यांतले पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि आमच्या अनुभवाप्रमाणे त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

मदत करायचीच, तर मधमाशीपालनालाच का?

ज्याच्या नावावर जमीन नाही, त्यालाही मधमाश्या पाळता येतात, हे याचे पहिले कारण आहे. अम्हाराच्या डोंगराळ भागात वाटण्या होत होत शेताचे तुकडे फार लहान झाले आहेत आणि तरुण मुलांच्या वाट्याला पुष्कळदा काहीच येत नाही. गाय पाळायची तर चारा लागतो, धान्य पिकवायचे तर बैल आणि बियाणे लागते. मधमाशी मात्र शेजाऱ्याच्या शेतातून, गावच्या कुरणातून आणि चर्चच्या आवारातल्या झाडांवरून आपले पोट भरते आणि त्यात कोणाचे काही कमी होत नाही. उलट, परागीभवनामुळे पीक वाढते. तिथे तेलबियांसाठी ‘नुग’ नावाचे पिवळ्या फुलांचे पीक घेतात. हे नुग म्हणजे आपले कारळे, ज्याला काही भागांत खुरासणी म्हणतात. त्याची चटणी खाऊन आपण मोठे झालो, आणि ते मूळचे इथिओपियाचे आहे, हे आमच्यापैकी बहुतेकांना या कामामुळेच समजले. कारळ्याला दाणा भरण्यासाठी मधमाश्यांची फार मदत होते, त्यामुळे मधपाळाच्या पेट्यांचा फायदा शेजारच्या शेतकऱ्यालाही मिळतो.

दुसरे कारण असे, की मध टिकतो. स्वच्छ, पक्व मध घट्ट झाकणाच्या भांड्यात ठेवला, तर भाव येईपर्यंत थांबता येते. दूध किंवा टोमॅटो विकणाऱ्याला ही सोय नसते.

इथिओपियाच का निवडला?

आफ्रिका खंडात सर्वांत जास्त मध इथिओपियात निघतो आणि मेणाच्या उत्पादनातही हा देश जगात वरच्या क्रमांकात आहे. मध तिथल्या जीवनात खोलवर मुरलेला आहे. गेशो नावाच्या झुडपाची पाने व काड्या घालून मधापासून ‘तेज’ हे मद्य घरोघरी करतात आणि देशातल्या मधाचा मोठा हिस्सा त्यातच खर्च होतो. खडकात कोरलेल्या ११ चर्चसाठी प्रसिद्ध असलेले लालिबेला हे गाव अम्हारा प्रांतातच आहे. ज्या राजाच्या नावावरून ते ओळखले जाते, त्याच्या जन्माच्या वेळी मधमाश्यांनी त्याच्याभोवती घोंघावून त्याचे राजेपण ओळखले आणि त्यावरूनच त्याला हे नाव पडले, अशी कथा तिथे सांगतात. जिथे राजाच्या नावातच मधमाशी आहे, तिथल्या लोकांना मधमाशी म्हणजे काय, हे आपण शिकवायला जाण्याचे कारण नाही.

मग त्यांना आपल्या मदतीची गरज तरी काय?

आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच आहे आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचाही हाच आहे.

ज्ञान आहे, पण हाताशी भांडवल नाही. तिथली पारंपरिक मधपेटी म्हणजे बांबूच्या किंवा वेलीच्या कामट्यांचे विणलेले, शेणमातीने लिंपलेले लांबट नळकांडे असते. ते झाडावर टांगतात, घराच्या वळचणीला ठेवतात किंवा परसात ओळीने रचतात. यातून वर्षाला साधारण ५ ते ८ किलो मध मिळतो. आत हलवता येणारी चौकट नसल्यामुळे पोळी कापून काढावी लागतात. त्यात अळ्या, पराग आणि मेण एकत्र येते आणि असा न गाळलेला मध व्यापारी स्वस्तात उचलतो. पुष्कळ कुटुंबांना काढणीच्या दिवसांतच फी, कर्ज किंवा धान्य यांसाठी रोख रक्कम हवी असते, त्यामुळे भाव पडलेला असतानाच विकणे भाग पडते. मेणालाही किंमत आहे, हे ठाऊक असले तरी ते वितळवून गाळण्याचे साधन नसते.

म्हणजे मदत लागते ती अगदी साध्या गोष्टींची. झाकणाच्या स्वच्छ बादल्या, गाळण्याचे कापड, चेहऱ्यावरची जाळी, हातमोजे, माश्यांना धूर देण्याचे चांगले धुराडे, मेण वितळवण्याचे पातेले, एकत्र माल साठवायला एक कोरडी खोली, आणि काढणीपासून विक्रीपर्यंत थांबता यावे म्हणून गटाला थोडे खेळते भांडवल. यासोबत, मधमाश्यांच्या एका वसाहतीच्या दोन वसाहती कशा करायच्या, अळ्यांची पोळी न कापता फक्त मधाची पोळी कशी काढायची, या गोष्टी शेजारच्या गावातला अनुभवी मधपाळ त्यांच्या भाषेत, त्यांच्या परसात दाखवतो. त्याच्या दिवसभराच्या मेहनतान्यासाठी दिलेला पैसा आम्हाला सर्वांत सत्कारणी लागलेला वाटतो.

स्त्रियांच्या दृष्टीनेही हा बदल मोठा असतो. उंच झाडावर चढून रात्रीच्या वेळी मध काढणे हे पुरुषांचे काम मानले गेले आणि त्यामुळे मधाचे पैसेही पुरुषांच्याच हाती राहिले. पेटी परसात, कमरेइतक्या उंचीच्या मांडवावर आली, की विधवा आणि एकट्या स्त्रियाही स्वतःच्या वसाहती सांभाळू शकतात.

चांगल्या लाकडी पेट्या विकत घेऊन का देऊ नयेत?

सुरुवातीला आमचाही हाच विचार होता, कारण देणाऱ्याला पेटी दिसते, तिच्यावर मंडळीचे नाव रंगवता येते आणि ‘इतक्या पेट्या दिल्या’ असे सांगता येते. जाणकारांनी आम्हाला थांबवले, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत.

चौकटीची पेटी वाईट आहे, असे मुळीच नाही. तिचा जनक लोरेन्झो लॅंगस्ट्रॉथ हा अमेरिकेतला चर्चचा पाळक, म्हणजे धर्मोपदेशकच होता. मधमाश्या आपल्या हालचालीसाठी ठरावीक रुंदीची, सुमारे ६ ते ९ मिलिमीटरची फट मोकळी सोडतात, हे ओळखून त्याने चौकटींची रचना केली आणि १८५२ साली तिचे पेटंट घेतले. आज जगभरच्या मधपेट्या याच तत्त्वावर आहेत. परंतु या अचूकपणामुळेच ती पेटी महाग पडते. सुताराचे माप थोडे चुकले, तरी माश्या चौकटी एकमेकींना चिकटवून टाकतात. तिला पोळे बांधण्याचा आधार म्हणून मेणाचे छापील पत्रे लागतात, मध काढायला फिरते यंत्र लागते आणि पत्र्यांत पॅराफिनची भेसळ असेल, तर पोळे उन्हाने लोंबते. हे सगळे वेळेवर मिळत नाही तिथे देणगीच्या पेट्या रिकाम्या पडून राहतात, धान्य ठेवायला वापरल्या जातात, आणि गरीब कुटुंबाच्या माथी एका फसलेल्या योजनेचा दोष येतो.

याच्या मधला मार्ग म्हणजे वरून पट्ट्या टाकलेली पेटी. १९७० च्या दशकात केनियात तिचा प्रसार झाला आणि इथिओपियात ती बांबू, काठ्या व शेणमाती वापरून गावातच करतात. पट्टी उचलून पोळे पाहता येते, मेण व मध दोन्ही मिळतात आणि यंत्र लागत नाही. कोणाला कोणती पेटी हवी, हे मात्र त्या मधपाळाने ठरवावे. ज्याला चौकटीची पेटी परवडते आणि सांभाळता येते, त्याला ती अवश्य मिळावी. इंग्लंडमधल्या चहाच्या टेबलावर बसून आपण तो निर्णय घेऊ नये.

इथून मधमाश्या किंवा जुनी साधने पाठवता येतील का?

नाही, कृपया पाठवू नयेत. तिथल्या मधमाश्या त्या हवेला, उंचीला आणि फुलोऱ्याला सरावलेल्या आहेत. बाहेरच्या माश्यांबरोबर आणि वापरलेल्या पेट्यांबरोबर रोगही जातात. व्हरोआ नावाची गोचिडीसारखी कीड मूळची आपल्या आशियाई सातेरी मधमाशीवरची; माणसांनी माश्या इकडून तिकडे नेल्यामुळे ती युरोपीय मधमाशीवर गेली आणि तिने जगभर नुकसान केले. जुने धुराडे वा पोशाख इथल्याच एखाद्या मधपाळ संघाला द्यावा.

निधी कोणत्या संस्थेमार्फत द्यावा?

मधमाशीपालनातच मुरलेली संस्था असावी, एवढे आमचे मत आहे. वेल्समधील मॉनमथ येथून १९९३ पासून काम करणारी ‘बीज फॉर डेव्हलपमेंट’ ही संस्था अम्हारा प्रांतात स्थानिक सहकाऱ्यांबरोबर काम करते. ‘बीज अब्रॉड’ ही १९९९ साली सुरू झालेली संस्था आफ्रिकेतल्या इतर देशांत स्वयंसेवी मधपाळांच्या मदतीने काम करते. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना ‘हेफर इंटरनॅशनल’ या संस्थेची मधमाश्यांची भेट परिचयाची असेल; चर्च ऑफ द ब्रेदरनच्या डॅन वेस्ट यांच्या कल्पनेतून ते काम सुरू झाले आणि १९४४ साली गाईंची पहिली खेप पोर्तो रिकोला गेली.

संस्था कोणतीही असो, पैसे देण्यापूर्वी पाळकीय समितीने काही प्रश्न लेखी विचारावेत. शिकवणारे लोक स्थानिक आहेत का? दोन वर्षांपूर्वी मदत मिळालेल्या कुटुंबांपैकी किती जणांकडे आज मधमाश्या आहेत? मध कोण विकत घेते? पेट्या वाटल्याचा आकडा प्रत्येक संस्था चटकन देते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कसे येते, त्यावरून आम्ही संस्था पारखली.

सुगीच्या सणाचा मुहूर्त का निवडला?

आज इंग्लंडभर साजरा होणारा चर्चमधला सुगीचा सण रेव्हरंड रॉबर्ट हॉकर यांनी १८४३ साली कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो येथे सुरू केला, असे मानले जाते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इथे धान्य, फळे आणि पाव वेदीपुढे मांडले जातात. त्याच सुमारास इथिओपियात मोठा पावसाळा संपतो, माळ ‘अदेय अबेबा’ या पिवळ्या फुलांनी भरतात, ११ सप्टेंबरच्या सुमारास तिथले नववर्ष येते, पाठोपाठ कारळे फुलते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वर्षातली मोठी मधकाढणी होते. दोन्ही ठिकाणचे लोक एकाच महिन्यात सुगीबद्दल आभार मानत असतात, ही गोष्ट मुलांना सांगितली, की त्यांना ती लगेच पटते. वेदीपुढे मेणाची एक कांडी आणि मधाची बरणी ठेवावी.

निधी उभारण्यासाठी प्रत्यक्ष काय करता येईल?

आमच्याकडे सर्वांत चांगला प्रतिसाद जेवणाला मिळाला. महिला मंडळाने भाकरी, पिठले, कारळ्याची चटणी आणि कोशिंबीर असा बेत केला आणि प्रत्येक पंगतीत चटणी वाढताना कारळ्याची इथिओपियापर्यंतची गोष्ट सांगितली. इंग्रज शेजाऱ्यांनी चटणीची कृती मागून नेली. शब्बाथ शाळेच्या मुलांना मेणाच्या पत्र्यापासून मेणबत्त्या वळायला शिकवता येते. त्या नाताळपर्यंत विकल्या जातात.

मध विकायचा असेल, तर जवळच्या मधपाळाकडून घ्यावा आणि बरणीवर तो कुठला आहे, हे स्पष्ट लिहावे. मध इथला आणि निधी तिथला, यात गल्लत होऊ देऊ नये. इथिओपियातून थोडासा मध मागवून विकण्याचा खटाटोप करू नये, कारण प्राणिज पदार्थांच्या आयातीला आरोग्य प्रमाणपत्रे लागतात आणि एका मंडळीच्या आवाक्यातले ते काम नाही. एक वर्षाखालच्या बाळांना मध देऊ नये, ही सूचना टेबलावर लावायला विसरू नये.

गिफ्ट एड (देणगीवर ब्रिटन सरकारकडून मिळणारी जोड रक्कम) घेता येते का?

हो. देणाऱ्याने ब्रिटनमध्ये पुरेसा आयकर किंवा भांडवली नफ्यावरचा कर भरलेला असेल आणि गिफ्ट एडचा जाहीरनामा भरून दिला असेल, तर दिलेल्या प्रत्येक पौंडामागे मंडळीला सरकारकडून २५ पेन्स मिळतात. देणाऱ्याला जास्तीचा खर्च येत नाही. जेवणाचे तिकीट, मेणबत्तीची किंमत किंवा सोडतीचे तिकीट यांवर मात्र ते मिळत नाही, कारण ती खरेदी झाली. म्हणून जेवणाची रास्त किंमत वेगळी घ्यावी आणि ऐच्छिक देणगीसाठी वेगळे पाकीट ठेवावे. दानार्पणाच्या थाळीत पडणाऱ्या ३० पौंडांपर्यंतच्या लहान रोख दानासाठी स्वतंत्र योजना आहे. तिच्यात जाहीरनाम्याची गरज नसते, पण नोंद मात्र काटेकोर हवी. रोकड मोजताना नात्यातली नसलेली दोन माणसे बसावीत. आपल्यात ओळखीमुळे हे विचारायला संकोच वाटतो. तो बाजूला ठेवावा, कारण या पद्धतीमुळे मोजणाऱ्यांच्याच नावाचे रक्षण होते.

जमलेला पैसा उरला किंवा कमी पडला, तर?

एका ठरावीक कामासाठी मागितलेला पैसा त्याच कामासाठी वापरण्याचे विश्वस्तांवर कायदेशीर बंधन असते. चर्चच्या छताची दुरुस्ती कितीही निकडीची असली, तरी मधपाळांच्या पैशाला हात लावता येत नाही. यासाठी आवाहनाच्या पत्रकातच एक वाक्य लिहावे: रक्कम कमी किंवा जास्त झाल्यास ती त्याच भागातल्या उपजीविकेच्या इतर कामासाठी दिली जाईल.

रकमेचा अंदाजही पौंडांत पक्का मांडू नये. जुलै २०२४ मध्ये इथिओपियाने आपले बिर हे चलन बाजाराच्या भावावर सोडले आणि त्याची किंमत झपाट्याने घसरली. असे झाल्यावर पौंडाचे बिर जास्त मिळतात, पण बाजारातल्या वस्तूही महाग होतात.

महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना या निधीसाठी देणगी पाठवता येईल का?

भारतातल्या निवासी व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली ठरलेल्या वार्षिक मर्यादेत परदेशी देणगी पाठवता येते, पण परदेशी संस्थेला दिलेल्या अशा देणगीवर भारतात करसवलत मिळत नाही. बँकेचे शुल्क पाहता लहान रकमेसाठी हे परवडत नाही. आम्ही नातेवाइकांना सांगतो, की मधमाश्यांसाठीच काही करावेसे वाटले, तर महाबळेश्वरजवळच्या मांघर गावातल्या मधपाळांचा मध विकत घ्यावा.

आपल्याकडेच इतके गरीब असताना पैसा परदेशात का द्यायचा?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात आपल्या माणसांची कळकळ असते, म्हणून तो झटकून टाकू नये. आपल्या गावच्या कामाला देणारे हात सहसा इथेही देतात, असा आमचा अनुभव आहे.

याच्या जोडीला आम्ही आमचीच गोष्ट सांगतो. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली अहमदनगरला सुरू झाले. त्या शाळांमध्ये आमच्यापैकी कित्येकांच्या पणज्या अक्षरे शिकल्या. त्या शाळांमागे न्यू इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांच्या मंडळ्यांचे दानार्पण होते, आणि देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी महाराष्ट्र कधी पाहिला नव्हता. दूरच्या माणसाने दिलेल्या पैशाने घर कसे उभे राहते, हे आम्ही घेणाऱ्याच्या बाजूने अनुभवले आहे. त्याच बाजूने आणखी एक गोष्ट आठवते: देणाऱ्याने आम्हाला अडाणी समजलेले आमच्या आज्यांना आवडत नसे.

हा पैसा धर्मप्रसारासाठी आहे का?

नाही. इथिओपियात ख्रिस्ती राजसत्ता चौथ्या शतकापासूनची आहे आणि अम्हारातले बहुसंख्य लोक इथिओपियन ऑर्थोडॉक्स मंडळीचे आहेत; त्यांच्या उपासनेतल्या बारीक मेणबत्त्यांसाठी मधपाळांचेच मेण लागते. त्यांच्या शेजारी मुस्लिम मधपाळही राहतात. मदत देताना कोणाचा धर्म विचारला जात नाही आणि विचारला जाऊ नये.

तिथे संघर्ष सुरू असताना पैसा पोहोचतो का?

ऑगस्ट २०२३ मध्ये अम्हारात सरकारी फौजा आणि फानो हे स्थानिक सशस्त्र गट यांच्यात मोठा सशस्त्र संघर्ष उसळला व आणीबाणी जाहीर झाली. तेव्हापासून रस्ते, बँका आणि इंटरनेट यांचा भरवसा राहिलेला नाही. प्रशिक्षण पुढे ढकलले जाते, अहवाल उशिरा येतात, एखादे गाव सोडून दुसऱ्या गावात काम करावे लागते. अशा वेळी संस्थेला निर्णयाची मोकळीक द्यावी आणि हिशेबाची तारीख पुढे न्यावी, पण हिशेब सोडू नये. स्थानिक कार्यकर्त्यांना फोटोसाठी धोक्याच्या गावी जायला लावणे तर सर्वस्वी चुकीचे आहे.

मधमाश्या उडून गेल्या, तर देणगी वाया गेली असे समजायचे का?

आफ्रिकेतल्या मधमाश्या दुष्काळात, मुंग्यांच्या त्रासाने किंवा फार हाताळल्या गेल्या, तर पेटी सोडून जातात. शेतात तणनाशक व कीटकनाशक फवारल्यावर वसाहती मरतात, आणि ही तक्रार इथिओपियातही वाढत आहे. मुंग्यांसाठी मांडवाच्या पायांभोवती राख टाकणे, फवारणीचे दिवस शेजाऱ्याशी बोलून ठरवणे, हे उपाय मधपाळ करतात. तरीही एखादे वर्ष वाईट जातेच. रिकामी पेटी आणि शिकलेला हात शिल्लक असेल, तर पुढच्या फुलोऱ्यात नवा थवा धरता येतो.

अहवालात काय मागावे आणि मंडळीत तो कसा सांगावा?

मोठी काढणी नोव्हेंबरमध्ये संपते, त्यामुळे त्याआधी आकडे मागू नयेत. जानेवारीच्या सुमारास किती मध निघाला, किती भावाने आणि कोणाला विकला, किती वसाहती टिकल्या आणि काय फसले, एवढे विचारावे. फसलेल्या गोष्टीही उपासनेनंतर तशाच वाचून दाखवाव्यात. फोटो वापरायचा असेल, तर त्या व्यक्तीची संमती घेतल्याचे संस्थेकडून कळलेले असावे, आणि फाटक्या कपड्यांतल्या रडक्या मुलापेक्षा धुराडे हातात घेतलेल्या मधपाळाचा फोटो निवडावा. पुढच्या वर्षीचे आवाहन हा अहवाल वाचून झाल्यावर, तिथल्या गटाने पुढे काय हवे म्हणून सांगितले आहे, ते पाहून लिहावे.